जुना पत्रीपूल कुठे ठेवायचा?

डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला येणाऱ्या लोकलच्या कपाळावरचं एक अक्षर पुरतं. ‘एन’ दिसलं की गाडी कसाऱ्याची, ‘एस’ दिसलं की कर्जतची, ‘के’ म्हणजे कल्याणलाच संपणारी. कसाऱ्याच्या गाडीवर ‘एन’ कुठून आलं, हा प्रश्न इथे नव्याने राहायला आलेल्याला हमखास पडतो. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे फुटतात. एक थळ घाटाकडे, ईशान्येला. दुसरा बोरघाटाकडे, आग्नेयेला. नॉर्थ-ईस्टचा एन आणि साउथ-ईस्टचा एस हे जीआयपी रेल्वेच्या दिवसांपासून चालत आले आहेत. कारण माहीत नसलं तरी कुणाचं अडत नाही. बारा डब्यांची गाडी फलाटाला लागण्याआधी, लांबूनच, ती आपली आहे की नाही हे कळतं.

गेल्या पावसाळ्यात भाच्याच्या घरी मी काही रविवार घालवले, तेव्हा हे अक्षर मला सारखं आठवत होतं.

भाचा डोंबिवली पूर्वेला राहतो, इंजिनीअरिंग शिकतो आणि संगणकावर रेल्वे चालवतो. त्याला नुसती गाडी चालवण्यात रस नाही. त्या खेळासाठी इंजिनं, डबे, स्टेशनं, हॉर्नचे आवाज बनवणाऱ्या मुलांच्या एका घोळक्यात तो आहे. मूळ खेळ ज्या कंपनीने काढला तिने न केलेली, खेळणाऱ्यांनी स्वतः हाताने केलेली ही भर. तिला मॉड म्हणतात. या मुलांनी वर्षानुवर्षं एकमेकांना पाठवलेल्या फायली एका डिस्कवर साठल्या होत्या आणि त्या नीट लावून सगळ्यांसाठी खुल्या करायचं काम भाच्याकडे आलं होतं. मी आयुष्यभर पुस्तकं लावत आलो आहे. मला वाटलं, एका दुपारचं काम.

“मामा, तू नुसतं नाव वाचून सांग, यात काय असेल?”

फायलीचं नाव होतं ‘केवायएन फायनल नवीन २’. केवायएन हा कल्याणचा रेल्वेतला संकेत. मी म्हटलं, “कल्याण स्टेशन असेल.” उघडली तर आत कल्याण शेडच्या एका इंजिनाच्या हॉर्नचा आवाज होता. इंजिन नव्हतंच. ‘फायनल नवीन १’ शोधली, ती निघाली एका डब्याचा रंग. अशा शेकडो फायली. बनवणाऱ्याने प्रत्येक गोष्ट जीव ओतून केलेली, आणि देताना नावाचा विचार कुणीच केलेला नव्हता.

या गुंत्याचं मूळ २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरमध्ये आहे. त्यात सहा मार्ग होते: अमेरिकेतले दोन, जपानमधले दोन, इंग्लंड आणि ऑस्ट्रियातला एकेक. भारतातला एकही नाही. आशियातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली, त्या ठाण्याचा मागमूस खेळात नव्हता. पण खेळाची रचना उघडी होती. साध्या फोल्डरांत साध्या फायली ठेवलेल्या, ज्याला खटपट करायची त्याने करावी. म्हणून जगभरच्या हौशी लोकांनी आपापले रूळ त्यात टाकले, आपल्याकडच्यांनीही टाकले. पुढे ओपन रेल्स नावाचं खुलं, फुकट सॉफ्टवेअर आलं. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१५ची. त्यातही तेच जुने मार्ग आणि त्याच जुन्या गाड्या चालतात. वीस-बावीस वर्षांपूर्वी कुणी तरी रात्र जागवून बनवलेला डबा आजही रुळावर येतो तो यामुळे.

आता एक गाडी म्हणजे किती फायली, ते सांगतो. त्याशिवाय पुढचं लक्षात येणार नाही. इंजिनाचा आकार एका फायलीत असतो. अंगावरचा रंग, म्हणजे गुंडाळायचं चित्र, दुसरीत. वजन, ताकद, ब्रेक यांचे आकडे तिसरीत. हिच्या शेपटाला ईएनजी लागतं. आवाज कधी वाजवायचा याच्या सूचना चौथीत, प्रत्यक्ष आवाज पाचवीत, मोटरमनच्या केबिनचा देखावा सहावीत. इंजिनामागे कुठले डबे, कुठल्या क्रमाने, ही यादी वेगळीच आणि ती वेगळ्या फोल्डरात राहते. तिला कन्सिस्ट म्हणतात. मार्गाच्या फोल्डरात जमिनीचे तुकडे, रुळांची वही, सिग्नलचे नियम, झाडं, घरं. आणि एखादा विशिष्ट प्रवास, म्हणजे अमुक वाजता निघायचं, अमुक सिग्नलला थांबायचं, ही पुन्हा निराळी फाइल.

पहिल्या रविवारी आम्ही ठरवलं की प्रकारानुसार कप्पे करू. इंजिनं एकीकडे, डबे एकीकडे, आवाज, मार्ग, प्रवास. दुपारपर्यंत डिस्क बघायला सुंदर झाली. संध्याकाळी भाच्याने गाडी सुरू केली आणि ती मुकी धावू लागली. आवाजाची फाइल आम्ही उचलून ‘आवाज’ कप्प्यात ठेवली होती आणि इंजिन तिला जुन्या जागी शोधत होतं. एका कन्सिस्टमधले निम्मे डबे गायब झाले, कारण यादीत डब्याचं नाव आणि त्याच्या फोल्डरचं नाव अक्षरशः जुळावं लागतं आणि मी नीटनेटकेपणाच्या भरात फोल्डरांची नावं बदलली होती. ओपन रेल्स अशा वेळी सापडेल तेवढं घेऊन पुढे जातं. जुना खेळ जागच्या जागी बंद पडायचा.

पुस्तक शेल्फवरून काढून दुसऱ्या शेल्फवर ठेवलं तर त्यातलं सातवं प्रकरण नाहीसं होत नाही. फायलीचं तसं नाही. ती कोण आहे, याइतकंच तिला कोण कोण लागतं, हेही टिपून ठेवावं लागतं. ही गोष्ट मला त्या दिवशी कळली आणि माझ्या मते सगळ्या मांडणीचा पाया हाच आहे. मोठ्या मॉडसाठ्यांनी ती केव्हाच ओळखली. स्टीम या संगणक-खेळांच्या दुकानाच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक वस्तूपाशी ‘आधी हे हवं’ अशी यादी देता येते. ट्रेन सिम्युलेटरच्या लोकांनी रूट-रायटर नावाचं एक साधन वापरलं. मार्ग आणि गाड्या तपासून कुठली फाइल हरवली आहे हे ते सांगायचं. आणखी एक सुरेख रीत त्यांनी पाडली होती. मूळ खेळातली झाडं-घरं मायक्रोसॉफ्टच्या मालकीची, ती आपल्या मार्गासोबत वाटता येत नाहीत. मग मार्गाबरोबर एक छोटी आज्ञाफाइल द्यायची. ती चालवली की ज्याच्या संगणकावर खेळ आहे, त्याच्याच खेळातून हवं ते सामान उचलून नव्या मार्गात ठेवलं जायचं. कुणाच्या हक्काला धक्का नाही, आणि त्या काळच्या मुंगीच्या पावलांनी येणाऱ्या इंटरनेटवर उतरवायचं ओझंही कमी.

गरजांच्या यादीत आपल्याकडच्या गाड्यांची एक खास अडचण आहे. मूळ खेळातले रूळ १४३५ मिलिमीटर रुंदीचे, युरोप-अमेरिकेचे. आपली ब्रॉडगेज १६७६. म्हणजे मापाला प्रामाणिक राहून कल्याणची लोकल बनवली तर मूळ रुळांवर तिची चाकं दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतात. काहींनी चाकं आत ओढून घेतली, काहींनी ब्रॉडगेजचे रूळच नव्याने बनवले. त्यामुळे दोन तऱ्हांच्या भारतीय गाड्या साठ्यात आहेत, आणि नावावरून त्या ओळखता येत नाहीत. दुसऱ्या रविवारी आम्ही प्रत्येक इंजिन रुळावर उभं करून, कॅमेरा खाली नेऊन, चाकं बघितली. ‘रुळाचं माप’ अशी चौकट त्या दिवशी आमच्या तक्त्यात आली.

मग प्रश्न आला ‘इतर’चा. साठे उभारणाऱ्यांनी आपापल्या डोळ्यांसमोरच्या गाड्यांप्रमाणे कप्पे पाडलेले असतात: अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, जपान. उरलेलं सगळं ‘इतर’. याचा राग धरायचं कारण नाही. ज्याने कपाट बनवलं त्याच्याकडे जे सामान होतं त्याच्या मापाचे खण त्याने पाडले. ग्रंथालयातही हेच झालं. मेल्विल ड्यूईने १८७६ साली दशांश वर्गीकरण काढलं, ते आजही आपल्या कितीतरी ग्रंथालयांत चालतं. त्यात इंग्रजी साहित्याला ८२०चा ऐसपैस खण आहे. मराठी साहित्य ८९१.४६ वर. ८९० हा अंकच ‘इतर भाषांची साहित्यं’ असा आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर १८६४ सालचं, ड्यूईच्या तक्त्याहून बारा वर्षांनी थोरलं. तिथे मराठी ‘इतर’ कशी असेल? तिथे ती घरचीच आहे. कपाट कुठे उभं आहे यावर खणांची नावं ठरली पाहिजेत, हे मी भाच्याला सांगितलं, आणि आमच्या साठ्यात भारतासाठी एक खण न ठेवता मध्य, पश्चिम, कोकण, दक्षिण असे रेल्वेविभागच पहिल्या पायरीवर घेतले.

पण त्यानेही भागेना. कारण एका इंजिनाला एकच घर देता येत नाही. डब्ल्यूसीएएम-३ हे इंजिन घ्या. १५०० व्होल्टच्या डीसी तारेखालीही चालायचं आणि २५ हजार व्होल्टच्या एसीखालीही. कल्याणच्या शेडचं, मध्य रेल्वेचं लाडकं. ते ‘इंजिन’मध्ये ठेवायचं, ‘कल्याण शेड’मध्ये, ‘दुहेरी प्रवाहा’त, की ज्या गाडीला ते लागायचं तिच्यापाशी? प्रत्येक उत्तर बरोबर आहे आणि फोल्डर एकच निवडू देतं.

इथे मला शियाळी रामामृत रंगनाथन आठवले. गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथल्या सेल्फ्रिजेस दुकानात त्यांनी मेकॅनोचा संच पाहिला: त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, हवं ते जोडा. १९३३ साली त्यांचं कोलन वर्गीकरण छापून आलं त्याचं बीज या खेळण्यात होतं. आधीच पाडलेल्या खणात पुस्तक कोंबायचं नाही. त्याच्या वेगवेगळ्या पैलूंची नोंद करायची आणि त्या जोडून त्याचा पत्ता तयार करायचा. मुख्य वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ, काळ असे पाच पैलू त्यांनी सांगितले. मुलांच्या खेळण्यातून उगवलेली ही कल्पना नव्वद वर्षांनी मुलांच्या खेळासाठी इतकी चपखल बसावी, याचा मला फार आनंद झाला. भाच्याला मी ते कागदावर काढून दाखवलं. तो म्हणाला, “मामा, हे तर टॅग आहेत.” आहेतच. फक्त टॅग म्हणजे सुचेल ते चिकटवणं, आणि रंगनाथनांचे पैलू म्हणजे प्रत्येक वस्तूला तेच ठरावीक प्रश्न, त्याच क्रमाने. दोन्हींत तेवढा फरक आहे आणि तो फरक साठा मोठा झाला की कळतो.

आमचे प्रश्न असे ठरले: काय आहे, कुठलं आहे, कुठल्या खेळासाठी, काय काय लागतं, कुणी केलं. आणि सर्वांत जास्त वाद ज्यावर झाला तो: कधीचं.

कधीचं हे विचारावं लागेल असं मुलांना आधी वाटलंच नव्हतं. कल्याण म्हणजे कल्याण. पण एकाने कल्याणजवळचा पत्रीपूल बनवून दिला होता, आणि दुसऱ्याने पण. दोन्ही फायलींचं नाव एकच. एक दुसरीवर टाकली असती तर आधीची कायमची पुसली गेली असती. उघडून पाहिल्यावर कळलं की दोन वेगळे पूल आहेत. जुना ब्रिटिश काळातला, १९१४ सालचा, नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला. नवा २०२१च्या जानेवारीत सुरू झाला. कल्याण-शिळ रस्त्याने रोज जाणाऱ्यांनी मधल्या दोन वर्षांत काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक. ज्याने जुना पूल बनवला होता त्याने गंजाचे डागसुद्धा सोडले नव्हते. प्रत्यक्षात तो पूल आता कुठेच नाही. या आकाराच्या फायलीत आहे.

एकदा काळ विचारायला लागलो आणि सगळा मार्गच थरांनी उलगडत गेला. पारसिकचा बोगदा १९१६चा. त्याआधीच्या कल्याण मार्गाला तो नकोच. इगतपुरीला प्रवाह बदलायचा तो काळ वेगळा, आणि डीसी संपल्यानंतरचा वेगळा. मुंबईतली शेवटची डीसी लोकल २०१६च्या एप्रिलमध्ये हार्बरवर धावली. सिमेन्सच्या जांभळ्या-पांढऱ्या लोकल २००७ नंतरच्या. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ची. त्या सहा रुळांवर कुणी १९९५ची पिवळी-तपकिरी लोकल आणून उभी केली तर ती वाईट दिसेल असं नाही, पण ती चूक आहे, आणि बनवणाऱ्याची चूक नाही, लावणाऱ्याची आहे. म्हणून ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन चौकटी आम्ही सक्तीच्या केल्या.

नावांचं प्रकरण त्याहून अवघड. डब्ल्यूसीजी-१ हे १९२८च्या सुमारास आलेलं घाटातलं मालगाडीचं इंजिन. परदेशी शौकिनांत ते क्रोकोडाइल, मगर. आपल्या रेल्वेच्या माणसांनी त्याला खेकडा म्हटलं. शोधणारा तिन्हींपैकी काहीही टाइप करेल. डोंबिवलीचं रोमन स्पेलिंगही लोक दोन तऱ्हांनी करतात, ठाण्याचं जुनं स्पेलिंग ‘ठाणा’ असं. या सगळ्या नावांनी एकाच वस्तूकडे वाट गेली पाहिजे. आम्ही पर्यायी नावांची एक वही केली. माझ्या दृष्टीने साठ्यातली ही सगळ्यात मौल्यवान फाइल, कारण ‘खेकडा’ हा शब्द कुठल्याही कंपनीच्या कागदात सापडायचा नाही.

घोळक्यातली धाकटी मुलं रेल्वेवाली नाहीत, बसवाली आहेत. बस सिम्युलेटर इंडोनेशिया हा मोबाइलवरचा खेळ २०१७ साली आला, आणि आपल्याकडे एसटीच्या लालपरीपासून शिवशाहीपर्यंत सगळ्या बस त्यात उतरल्या. इथे दोनच मुख्य प्रकार: गाडीचा मॉड, आणि लिव्हरी म्हणजे नुसता रंग, एक साधं पीएनजी चित्र. हे चित्र कपड्याच्या बेतासारखं असतं. ज्या गाडीसाठी बेतलं तिलाच बसतं. दुसरीला घातलं की ‘महाराष्ट्र राज्य परिवहन’ ही अक्षरं खिडकीवर चढतात. तरीही निम्म्या लिव्हऱ्यांच्या नावात गाडीचं नाव नाही, नुसतं ‘लालपरी’. शिवाय ही चित्रं व्हॉट्सॲपवरून फिरतात. साधा फोटो म्हणून पाठवलं की तिथे ते दाबून लहान होतं, पारदर्शक भाग जातो, कडा फाटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तरच मूळ राहतं. आम्ही प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी मोजून, खराब झालेली प्रत बाजूला काढून, मूळ मागवून घेतली. काहींची मूळ प्रत बनवणाऱ्याच्या जुन्या फोनबरोबर गेली होती.

नावावर जसा भरवसा नाही तसा शेपटावरही नाही. झिप म्हणवणारी फाइल खरोखर झिप आहे का, हे तिचे पहिले दोन बाइट सांगतात. तिथे ‘पीके’ ही अक्षरं असतात, ती पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्ट या खेळाच्या कितीतरी मॉडमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा घातक प्रोग्राम शिरला होता, तोही नावाजलेल्या ठिकाणच्या, लोकांच्या विश्वासातल्या मॉडमध्ये. म्हणून आलेली प्रत्येक फाइल आधी वेगळ्या खोलीत, तपासणी झाल्यावर आत. आणि प्रत्येकीचा एसएचए-२५६ हा गणिती ठसा घेऊन ठेवायचा. दोन फायलींचा ठसा एक म्हणजे नावं काहीही असोत, वस्तू एकच. आमच्या डिस्कवर एकच हॉर्न वेगवेगळ्या नावांनी कितीतरी वेळा सापडला.

जुन्या आवृत्त्या ठेवायच्या की काढायच्या यावर मात्र मुलांत खरंच कडाक्याचं झालं. नेक्सस मॉड्स या मोठ्या साठ्याने २०२१च्या जुलैमध्ये जाहीर केलं की यापुढे मॉड कायमचा पुसता येणार नाही, फक्त मागच्या कोठारात जाईल. कारण दुसऱ्यांच्या याद्या त्या फायलींवर उभ्या असतात. नको असेल त्यांना सगळं काढून घ्यायला महिनाभराची मुदत दिली. कित्येक जणांनी कामं काढून घेतली. मला दोन्ही बाजूंचं दुःख कळतं. पण माझं मत मी मुलांना सांगितलं: ठेवायचं की नाही हे देण्याच्या दिवशीच विचारा, आणि दिलेला शब्द पाळा. पाहुण्याला आत घेतल्यावर दाराला कडी घालू नये.

कारण न ठेवल्याने काय होतं तेही आपण पाहिलं आहे. याहू ग्रुप्सवर जगभरच्या हौशी मंडळींचे साठे होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथे नवीन काही ठेवणं बंद झालं, त्यानंतर साठवलेलं पुसलं गेलं आणि डिसेंबर २०२०मध्ये ते दुकानच मिटलं. ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं त्यांच्याकडे उरलं. पण उरलेलं कुणाचं, हेही कळायला हवं. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररी पुस्तकांचं आदान-प्रदान भरवते. आपली वाचून झालेली द्यायची, दुसऱ्याची घ्यायची. तिथे दिलेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर पुष्कळदा नाव असतं, गावाचं, सालाचं. झिप फाइलला ते पहिलं पान म्हणजे रीडमी. साठ्यातल्या बहुतेक फायलींत ते नव्हतंच. कुणाचा आवाज, कुणाचा आकार, कुणी परवानगी दिली, काही पत्ता नाही. फुकट वाटलेलं म्हणजे बेवारस, असा समज या मुलांत रुजला आहे, आणि तो खोडून काढायलाच हवा. जुन्या लोकांना शोधून, विचारून, भाच्याने जमतील तितकी नावं भरली. जिथे कळलं नाही तिथे ‘अज्ञात’ लिहिलं. स्वतःचं नाव घातलं नाही.

शेवटच्या रविवारी दोन्ही पत्रीपूल समोर होते. भाच्याने नव्याला नाव दिलं: स्थळ, वस्तू, ‘पासून २०२१’. जुन्यापाशी तो थांबला. ‘पासून’मध्ये १९१४ भरलं, ‘पर्यंत’मध्ये २०१८. मग रीडमी उघडून त्याने मराठीत लिहायला घेतलं: हा पूल कल्याण आणि ठाकुर्लीच्या मध्ये होता, रूळ ब्रॉडगेजचे हवेत, खाली डीसीच्या तारा असतील तर जास्त बरोबर.

“मामा, ‘होता’ लिहू की ‘आहे’?”

मी खिडकीबाहेर बघितलं. खालून कसाऱ्याची गाडी चालली होती. “होता लिही,” मी म्हटलं, “आणि बनवणाऱ्याचं नाव वर घे.”